ज्युरीच्या कठड्यावरचा बूट

—नाही, त्या खुर्चीवर नको वकीलबाई, ती म्हाताऱ्याची — बरं, बसलाच आहात तर बसा. एवढ्यात येत नाही तो, प्रचाराला गेलाय, जज्ज व्हायचंय ना आमच्या तीर्थरूपांना नोव्हेंबरात! व्हिस्की? दचकता काय? दारूबंदी लोकांना, सरकारी वकिलाच्या घरात कसली — ज्यांना आत टाकलं त्यांचाच माल आहे, चांगला आहे. नको? मी घेतो.

तर तुमचा तो अन्तोन ह्रुश्का, ज्याला सोडवायला निघालात. वीटभट्टीवरचा. मी लहान होतो तेव्हा लॉटी बीमर नदीत मेलेली सापडली, एवढीशी पोर, एका पायात बूट नाही, आणि म्हाताऱ्याची सरकारी वकिलाची निवडणूक तोंडावर. मतं हवीत तर कुणीतरी आत जायला हवा, आणि तो मत नसलेला हवा — बोहेमियातून आलेला, धड इंग्रजी बोलता येत नाही, राहतो नदीकाठी — झालं! म्हाताऱ्याचं त्या खटल्यातलं शेवटचं भाषण लॉ कॉलेजात अजून शिकवतात. मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं, सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत, आणि मी पुस्तकं तिथंच टाकून घरी आलो. म्हातारा लोकांना सांगतो, पोराची छाती नाजूक आहे. छाती!

कॉलेज का सोडलं? सांगतो ना. छापलेल्या भाषणात बूट नाही. कसा असेल? बुटाबद्दल तो अक्षर बोललाच नाही! बोलता बोलता थांबला, कोटाच्या खिशातून चिमुकला बूट काढला आणि ज्युरीच्या कठड्यावर ठेवला — बस्स. लॉटीचाच, दुसरं काय वाटणार? शेतकरी ते, हातोहात फिरवला, एकाला तर हुंदका आवरेना. आणि ह्रुश्काचा वकील? म्हाताऱ्याबरोबर मासे धरायला जाणारा तो — छताकडे बघत बसला. जेवणाच्या आत निकाल. जन्मठेप.

अहो, लॉटीचा कुठला — माझा! माझा बूट तो! आईनं पुढच्या बाकावरून ओळखला, टाचेचं ठिगळ तिनंच लावून आणलं होतं. काय करणार? हातमोज्यांची बटणं लावत बसली. गेल्या वर्षी जायच्या आधी सांगितलं मला. म्हाताऱ्याला विचारलं, तर जेवता जेवता म्हणतो कसा — ‘ऑरिन, तो लॉटीचा आहे असं मी म्हटलं का?’ आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. ही आमची थोर माणसं! पुतळे उभारा यांचे!

हो, शब्दन् शब्द खरा. कुणाच्याही तोंडावर सांगेन — काय? शपथेवर? गुरुवारी, कोर्टात? ...म्हणजे बाबाही असणार तिथं, समोर? नाही, तसं नव्हे, पण — आई तर गेली, आणि मी तेव्हा चड्डीतला पोर, माझं कोण ऐकणार? आणि कॉलेज सोडलेला माणूस खातो कुणाचं — ते असू द्या. ह्रुश्का आता म्हाताराच झाला असेल, बाहेर येऊन तरी काय — चाळिशीचा? फक्त? ...मुलगीही आहे? मला... मला नव्हतं माहीत.

थांबा. मोटार थांबली फाटकाशी. उठा, बाई, उठा म्हणतो ना — इकडून नाही, स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं. हॅट घ्या तुमची! तो जबानीचा कागद नको इथं, घेऊन जा, सही-बिही काही नाही — जा!

...आलो, बाबा, उघडतो. नाही हो, कुणी नाही. एकटाच होतो.