सासूबाईंची मोटार आणि माझे चार शब्द

…आणि वर मलाच विचारते, "मामी, तुला काय कळतं गं गेममधलं?" आता बोला! नणंदेची मुलगी हो, सव्वीस वर्षांची घोडी, नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा तो गेमचा काळा डबा आणि पिशवीभर चकत्या माझ्याच दारात आणून आदळल्यात, "आजीच्या हातासाठी राहू दे" म्हणून, आणि परवा फोनवर मी एवढंच म्हटलं की तुझ्या त्या लढाईच्या गेममध्ये अक्कल जरा कमी आहे, तर लागली खिदळायला! काय कळतं म्हणजे? चौथी शिकले मी, मान्य. पण बावीस वर्षं गोदामात काचेच्या बरण्या खोक्यात भरतेय, बरणी हातात घेतली की तडा गेलाय की नाही ते न बघता सांगते. आणि आठ महिने रोज दोन दोन तास गेम बघितलेत मी, इतकं तर मी नवऱ्याचं तोंड बघितलं नाही लग्नानंतर! मग मतं मी नाही मांडायची तर कुणी मांडायची?

तुम्हाला सांगते, मुळापासून सांगते, म्हणजे तुम्ही तरी हसणार नाही.

सासूबाईंना झटका आला. जीव वाचला, पाय वाचले, जीभ तर अशी वाचली की विचारू नका… गेला तो उजवा हात. आणि कुणाचा हात? चाळीस वर्षं काजं केलीत त्या बाईनं! शर्टाची, कोटाची, शाळेच्या गणवेशांची. शिंपी लोक लांबून काजं करायला आणून द्यायचे. तिचा हात गेला म्हणजे काय गेलं बघा. कुणी घरी आलं की उजवा हात पदराखाली. जेवायला आमच्याबरोबर बसेनात, सगळ्यांचं झालं की एकट्या, डाव्या हातात चमचा घेऊन, भिंतीकडे तोंड करून. आता आमचं दोघींचं चोवीस वर्षांत एका वाक्यावर एकमत झालेलं नाही, पण ती भिंतीकडची पाठ मला बघवत नव्हती हो. खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातली थेरपीवाली म्हणाली, "बोटं वाकवा. दिवसातून तीनशे वेळा. जे यायचंय ते पहिल्या तीन महिन्यांतच येईल, पुढे अवघड आहे." आणि दिला एक रबरी चेंडू. सासूबाईंनी तो डाव्या हातानं उचलला आणि खिडकीतून बाहेर! "मी काय दूधपितं मूल आहे?" झालं. दुसरा आणला, तोही गेला. तिसऱ्याला खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले. तेव्हा थेरपीवाली म्हणाली, घरी गेम असेल तर तो द्या, बोटं आपोआप हलतील. भाचीकडे होताच, तर असा आमच्या घरात गेम शिरला. मी कपाळाला हात लावला… म्हटलं, पोरं बिघडतात ऐकलं होतं, आता सासू बिघडणार!

पहिली चकती मोटारींच्या शर्यतीची. त्या रिमोटला मागच्या बाजूला, उजवीकडे, बंदुकीला असतो तसा चाप असतो. तो दाबला की मोटार पळते. आणि तो दाबायचा कुठल्या बोटानं? त्याच बोटानं, जे मेलंय! मी म्हटलं, वा रे शहाणा! जगातल्या सगळ्या बोटांमधून तुला तेच बोट सापडलं?

तीन… दोन… एक… आणि भुर्रर सगळ्या मोटारी पसार. आमची तिथंच. लाल रंगाची, सुंदर, धुवून पुसून उभी. सासूबाई बोटाकडे बघतायत, मी सासूबाईंकडे बघतेय, आणि बाकीच्या मोटारी एक फेरी मारून आमच्या बाजूनं परत जातायत… दुसरी फेरी… तिसरी… शर्यत संपली! पडद्यावर अक्षरं आली. भाचीला फोन करून विचारलं, काय म्हणतोय हा? म्हणाली, "म्हणतोय, छान प्रयत्न! पुन्हा एकदा?"

अकरा दिवस! अकरा दिवस मोटार जागेवर आणि अकरा दिवस तो म्हणतोय, छान प्रयत्न, पुन्हा एकदा? एकदा वैतागला नाही. एकदा "काकू, जमत नसेल तर सोडा" म्हणाला नाही. आमचा गोदामातला सुपरवायझर, एक बरणी हळू ठेवली की लगेच, "काय बाई, आज हातात जोर नाही का?" त्याला आणून बसवायला पाहिजे त्या मोटारीसमोर! खोट काढायची तर आहे, काढतेच. कठड्यामागचे प्रेक्षक पुठ्ठ्याचे वाटतात, मोटार भिंतीवर आदळली तरी एक बाई "अगं बाई" म्हणत नाही, हे काही खरं नाही. पण काचेवर पाऊस पडतो ना, तेव्हा थेंब वाऱ्यानं तिरपे सरकतात, एक थेंब दुसऱ्याला जाऊन मिळतो, जाडा होतो, मग ओघळतो… हे कुणीतरी बसून बघितलं असणार ना हो? एवढं बारीक? बनवणाऱ्याला मानलं!

बाराव्या दिवशी मी भांडी घासतेय आणि बाहेरून आवाज… गुर्रर. एवढाच. मी ओल्या हातांनी धावत आले. मोटार वीतभर पुढे! पांढऱ्या रेघेवर उभी होती, ती रेघ आता मागच्या चाकाखाली. सासूबाई माझ्याकडे अशा बघतायत जसं मी काही चोरलंय.

"तू ढकललंस?"

"अहो आई, माझे हात साबणात आहेत! मी कशाला ढकलू?"

"खरं सांग, बोट लावलंस?"

"नाही हो!"

मग दोघी त्या रेघेकडे बघत बसलो. आमच्या घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही म्हणून आमचे हे घाबरून आतल्या खोलीतून बाहेर आले.

मग काय, धीर आला. रोज एक चकती. लढाईचा लावला. आता हा जो लढाईचा आहे, त्यावरूनच भाची हसली, पण मी माझं म्हणणं सोडणार नाही. सैनिक आहे, तगडा आहे, धूर आहे, पडलेल्या घरांच्या खिडक्यांत पडदे हलतायत, सगळं चोख. पण या सैनिकाला तीन गोळ्या लागतात, तीन! पडदा लालभडक होतो, आणि हा काय करतो? भिंतीच्या मागे जाऊन बसतो. दोन श्वास घेतो. बरा! औषध नाही, पट्टी नाही, रांगेत बसणं नाही, "रिपोर्ट उद्या मिळेल" नाही! सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ती भिंत कुठं मिळते ते विचार जरा तुझ्या भाचीला." मला हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणून म्हणते, अक्कल कमी. माणूस बरा व्हायला किती वेळ लागतो ते या गेमवाल्यानं कुणाच्या उशाशी बसून बघितलेलं नाही. बाकी ते पडदे मात्र… कापड कसं जड हलतं, धुतलेलं कसं हलतं, फरक कळतो! सासूबाई स्वतः म्हणाल्या, "सुती आहे." चाळीस वर्षं कापड हाताळलेली बाई म्हणते सुती आहे, म्हणजे बनवणाऱ्याला मानलं!

आणि ठोकळ्यांचा! अहो, ठोकळ्यांचा काय सांगू… माझीच शोभा झाली. वरून एकेक ठोकळा पडतो, लांब, चौकोनी, वाकडा, आणि तो खाली नीट बसवायचा. मी म्हटलं, द्या इकडे, हे काम माझं! बावीस वर्षं खोक्यात फट राहू दिली नाही मी. पहिली ओळ अशी रचली की सुई जाणार नाही… आणि ओळ गायब! मी ओरडलेच, "अहो, माल गेला!" पुन्हा रचली, पुन्हा गायब. म्हटलं, यात चोर आहे. मग मी डोकं लढवलं. प्रत्येक ओळीत मुद्दाम एक भोक ठेवायला लागले. आता ने म्हटलं! नाही नेता आलं त्याला! ठोकळे चढले, चढले, पार छताला टेकले, मी अभिमानानं यांना हाक मारली, "या हो, बघा, एक नग जाऊ दिला नाही मी!" आणि खेळ खलास. मी हरले म्हणे! सासूबाई हसून हसून आडव्या. डोळे पुसत मला विचारतात,

"अगं, तुमच्या गोदामात खोकं भरलं की काय होतं?"

"ट्रक नेतो."

"मग इथं काय व्हायला हवं?"

बसले मी मटकन खाली. म्हणजे बावीस वर्षं मी हाच गेम खेळतेय! फक्त आमच्याकडे गाणं वाजत नाही. ना चित्र, ना गोष्ट, ना माणूस, नुसते सात प्रकारचे ठोकळे… आणि माणूस जेवण विसरतो! बनवणाऱ्याला मानलं!

पण खरी गंमत शेतीच्या गेमची. मी तो खेळत नाही हं. मी फक्त शेजारी बसून सांगते कुठं पाणी घालायचं ते. छोटंसं घर, छोटं तळं, पेरलं की तीन दिवसांत कोबी. पटत नाही ते सांगते. त्या गावात एक माणूस भांडत नाही! दुकानदार हसतमुख, सुतार हसतमुख, शेजारीण सकाळी सकाळी दारात फुलं आणून देते! भांडण नाही, कागाळी नाही, मग गाव चालतं कसं? मला तर त्या फुलंवालीचा पहिल्यापासून संशय आहे. पण संध्याकाळ झाली की तिथं उजेड कसा बदलतो, बघा एकदा. आधी पिवळा, मग जरासा नारिंगी, मग खिडक्यांत एकेक दिवा… आमच्या खऱ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरीच दिसते हो. गोदामातून आले की मी पायसुद्धा न धुता आधी तिथं बसायला लागले. हे विचारतात, "आज जेवायला काय?" दोघी एका सुरात, "थांबा हो, पाऊस येतोय!" एका सुरात! चोवीस वर्षांत पहिल्यांदा! बनवणाऱ्याला… जाऊ द्या, किती वेळा मानायचं एका माणसाला.

तर तीन महिने भरले. दवाखान्याचा दिवस आला. सकाळी मी नेहमीसारखी सासूबाईंच्या ब्लाउजची हुकं लावायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. उजव्या हातानं! आणि एकेक हूक स्वतः लावलं. पाच हुकांना पंधरा मिनिटं. मी दारात उभी. त्या म्हणाल्या, "बघतेस काय, रिक्षा बोलाव."

थेरपीवालीनं प्लास्टिकचा पेला पुढे ठेवला. सासूबाईंनी उचलला, ओठांना लावला, खाली ठेवला. थेरपीवालीनं टाळ्या वाजवल्या! "वा आजी! जिंकलात! आता गेम बंद. आता हाताला खरी कामं द्यायची. भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या, जमेल तशी भांडी विसळायची. सूनबाईंना मदत!"

अहो, चोवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते! आणि तेही डॉक्टरी हुकूम म्हणून! माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या… आणि तेवढ्यात सासूबाईंनी पुन्हा उचललेला पेला, टप्प! टेबलावरून गडगडत माझ्या पायाशी.

"अगं बाई," म्हणाल्या, "गेला वाटतं पुन्हा जीव त्यातला…" आणि हात असा मांडीवर सोडून दिला, अगदी चिंधीसारखा.

थेरपीवाली माझ्याकडे वळली. "घरी कसा चालतो हो हात? खरं सांगा."

आता मी कशी आहे, आख्ख्या गोदामाला माहीत आहे. मालकाच्या तोंडावर सांगितलंय मी, तुमची खोकी कुजकी आहेत. खोटं माझ्या तोंडातून निघत नाही. हुकं डोळ्यांसमोर होती. भाजीची पाटी डोळ्यांसमोर होती. आणि सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. विनवणी वगैरे नाही हं, त्या बाईला विनवणी येत नाही, सरळ दम! पण त्या दमाच्या मागे तीन महिन्यांपूर्वीची ती भिंतीकडची पाठ नव्हती. एक लबाड, खुशालचेंडू म्हातारी होती, जिला घरी जायची घाई झाली होती.

"घरी ना…" मी म्हटलं. "घरी पण असंच. मधेच जातो."

थेरपीवालीनं उसासा टाकला, कागदावर लिहिलं: अजून एक महिना, रोज दोन तास. "इथं सही करा आजी."

आणि सासूबाईंनी तिच्या बोटांतून पेन ओढलं आणि केली की सही! उजव्या हातानं! पूर्ण नाव, आडनावाला वेलांटी, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं!

थेरपीवालीनं सही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"एक महिना," ती म्हणाली. "फक्त एक."

त्याला आता पाच महिने झाले. सासूबाई शर्यतीत दुसऱ्या येतात, आमच्याबरोबर बसून जेवतात, चमच्याशिवाय, आणि भाचीनं डबा परत मागितला तर फोनवर असं कण्हतात की ती पोर तिकडे रडते… आणि भाजी? मीच निवडते हो. अजून मीच निवडते.