तीन वाजून दहा मिनिटांचा मेसेज

नाव: तोगझान मारातकिझी अबिशेवा. वय: २६ वर्षे. व्यवसाय: संगणक अभियंता, खासगी शिकवणी केंद्रात नोकरी. राहणार: नदीकाठची वसाहत, इमारत १४, घर ३७, पावलोदार. जबाब सुरू: २८ मार्च, दुपारी २.३५.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या केंद्रात सहावीच्या मुलांकडून गुणवंत शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात. वर्ग दुपारी ३ ते ६. मुलाने दारातल्या यंत्राला कार्ड लावले की आईच्या फोनवर 'पोहोचले' असा मेसेज जातो. ही व्यवस्था मी बसवली.

नोव्हेंबरमध्ये थंडीने यंत्र बंद पडले. मेसेज न आल्याने सराव परीक्षा चालू असताना एकेचाळीस आयांचे फोन आले. संचालिका शोल्पानबाईंनी मला सांगितले की, कार्ड लागो न लागो, ३.१० ला सगळ्यांना मेसेज जाऊ दे. मी तसे केले. यंत्र नंतर दुरुस्त झाले.

आदेमा, वय १२, ही आमची विद्यार्थिनी. दर शनिवारी गुणांची यादी नावासह भिंतीवर लागते. जानेवारीत ती तिच्या तुकडीच्या चौतिसात एकतिसावी होती. त्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि खिशातला एक कुर्त, सुकवलेल्या दह्याचा खारट गोळा, माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "ताई, काल मी आलेच नव्हते. तरी आईला मेसेज गेला."

यंत्र बिघडले आहे, असे मी म्हटले.

"मग ते माझ्या बाजूचं आहे. कुर्त खा, लाच आहे."

कुठे गेली होतीस, असे मी विचारले. गोठलेल्या इर्तिश नदीच्या बर्फावर एक आजोबा भोक पाडून मासे धरत बसतात, त्यांच्या तंबूत, असे तिने सांगितले. ते नात्यातले नाहीत. नाव मला माहीत नाही. ती म्हणाली, "ते कितवा नंबर विचारत नाहीत. फक्त म्हणतात, गप्प बस, मासा पळेल."

वर्गात येत जा, असे मी तिला सांगितले. इतर कोणालाही काही सांगितले नाही. कुर्त मी खाल्ला. त्यानंतर नोंदीत तिचे कार्ड अकरा दिवस लागलेले नाही. ते मला दिसत होते.

बर्फ पातळ होत असल्याने २० मार्चपासून नदीच्या बर्फावर जायला बंदी आहे.

काल संध्याकाळी ७ वाजता तिची आई गुलझिराबाई केंद्रात आल्या. मुलगी घरी आलेली नव्हती. त्यांच्या हातात तिची लोकरी टोपी होती. सकाळी ती टोपी विसरली, असे त्या म्हणाल्या. मेसेज आला म्हणजे वर्गात आली असणार, असेही म्हणाल्या. शोल्पानबाई म्हणाल्या, "आली होती. सहाला सगळ्यांबरोबर गेली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्यासमोर नोंद उघडी होती. आदेमाची ओळ रिकामी होती. मी काही बोलले नाही.

त्यामुळे पोलिसांनी रात्रभर केंद्राजवळचे बसथांबे आणि इमारतींची तळघरे शोधली. रात्रीचे तापमान उणे अकरा होते.

आज सकाळी ९ वाजता मी काठावर गेले. तंबू दिसला नाही. काठालगतच्या बर्फावर पाणी आले होते. १०.५० ला मी ठाण्यात फोन केला. ११.३० पासून नदीवर शोध चालू आहे. आदेमाच्या आईला हे अजून कोणी सांगितलेले नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत.

जबाब चालू असताना ३.१० ला बाहेर फोन वाजला. मी मेसेज बंद केलेला नव्हता. गुलझिराबाई आत आल्या आणि त्यांनी फोन जबाब घेणाऱ्या साहेबांपुढे धरला. "पोहोचली म्हणतात. चला ना, घेऊन येऊ तिला." त्यांनी टोपी पिशवीतून बाहेर काढली होती.

साहेबांच्या समक्ष मी त्यांना वरील सर्व सांगितले. त्यांनी एकच विचारले, "आणि काल संध्याकाळी तुला हे ठाऊक होतं?" मी हो म्हटले.

जबाब मला वाचून दाखवला. एक दुरुस्ती करून घेतली. सर्वांना मेसेज पाठवायला शोल्पानबाईंनी फक्त एका आठवड्यासाठी सांगितले होते. पुढे ते बंद करणे माझ्याकडे होते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. सही करते. वेळ ३.४८. नदीवरून अद्याप निरोप नाही.