रिकामी टोपली

मालाडच्या शाळेत बाई पालकांना नवा अभ्यासक्रम समजावत होत्या. रांगेत हेमांगीच्या पुढे मासेवाली कल्पिता होती.

"आता घोकंपट्टी बंद, कल्पिताताई. मुलं अनुभवातून शिकणार. परिसर अभ्यासाला तुम्हीच वर्गात या."

"मी? मी काय शिकवू?"

"तुमचा धंदा दाखवा. छान नऊवारी नेसा, टोपली आणा."

"म्हावरं कुठलं आणू?"

"म्हावरं नको हो! टोपली रिकामी आणा, धुऊन. वर्गात वास येतो."

"म्हणून माज्या पोरीला शेवटच्या बाकावर टाकलीत ना?"

"मी नाही हो. शेजारच्या मुलीच्या आईची तक्रार होती."

"कोण ती? नाव तर सांगा."

बाईंची नजर कल्पिताच्या खांद्यावरून मागे गेली. हेमांगीनं न वाजलेला मोबाइल कानाला लावला आणि ती रांगेतून बाहेर पडली.