झालं म्हणे

...आणि वर पुन्हा स्क्रीनवर हिरवी खूण, ‘झालं’! काय झालं? कुणाचं झालं? तुम्हाला सांगतो, या एका शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. नोकरीच तशी आहे हो माझी, कंपनीचे पेनड्राइव्ह तपासायची. पेनड्राइव्हवर फाइल उतरत असताना साहेब मागून म्हणतात, "ओढा," की मी तो चालू कामात खस्सकन उपटायचा, मग परत लावून बघायचं, आतलं किती जगलं, किती गेलं. दिवसभर हेच. सासूबाई विचारायच्या, "जावईबापू, मोडतोडीचा पगार मिळतो होय तुम्हाला?" आता काय सांगणार... मिळतो.

पण त्यात एक कळलं. कॉम्प्युटर लबाड असतो. माल अजून वाटेत, आणि हा पोचल्याची सही देऊन मोकळा. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे आत लिहिणं चालू आहे, आणि हा मात्र... झालं म्हणे. तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय. बायको म्हणाली गॅस बंद केला, मी जाऊन बघतो. शिंपी म्हणाला, "झालंय, फक्त काजं राहिलीत," की मी समजतो, अजून कापडालाच हात लागलेला नाही.

परवा बायकोने तिचा जुना फोन पुढे केला. त्यात सासूबाईंचा आवाज. त्या गेल्या, आता उरलंय ते एवढंच. म्हणाली, "अहो, तुमचं रोजचंच काम ना? हे तेवढं पेनड्राइव्हवर घ्या. फोन दादाला द्यायचाय." म्हटलं, तू निर्धास्त राहा.

लावलं. स्क्रीन म्हणाली, झालं. म्हणू दे! दिवा लुकलुकतोय ना अजून? मी हाताची घडी घालून त्या दिव्यावर पहारा देत बसलो. हिने मात्र मागून ती हिरवी खूण वाचली आणि फोनमधलं सगळं पुसूनसुद्धा टाकलं.

"अगं, थांबायचंस की जरा."

"झालं लिहिलंय ना त्यावर?"

झालं म्हणे!

बरं, अजूनही काही बिघडलं नव्हतं. दिवा विझेपर्यंत हात लावायचा नाही, बस्स. तेवढ्यात मागून हिचाच आवाज, "अहो, ऊन येतंय तोंडावर, जरा पडदा ओढा."

ओढा.

मी काय ओढलं असेल? हात माझा नाही हो तो, कंपनीचा आहे...

परत लावला. नावं सगळी जागच्या जागी, आत मात्र ठणठणाट. गाणी गेली, नातीला सांगितलेल्या गोष्टी गेल्या. बायको खुर्ची धरून उभी. शेवटची एक फाइल तेवढी चालली. सासूबाई, अगदी खणखणीत: "हे बघ बाई, तुझा नवरा माणूस चांगला आहे. पण जपायचं काही त्याच्या हातात देऊ नकोस."

बायको रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "परत लावा." परत लावली. मग मी माझ्या पद्धतीने ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली... शंकेला कुठे जागाच नाही हो.