अण्णा डॉक्टरांचा चहा

कादिर : घे रे बाळ्या, निवतोय. दूध पावडरचं हाय, पण साखर ताजूनं सढळ हातानं घातलीय. पोरीला बरं वाटलं म्हणून खूश हाय ती.

बाळकृष्ण : ठेव तिथं. आधी मेहनाजला बघू दे. दुखायचं कधी थांबलं म्हणालास?

कादिर : आज दुपारी. परवापासून पोट धरून नुसती लोळत होती. कॅम्पच्या दवाखान्यातला कंपाउंडर गोळ्या देऊन म्हणाला, गॅसचं दुखणं हाय. आणि आज जेवायच्या वेळेला एकदम बंद. खलास. तेव्हापासून कशी शांत पडलीय बघ.

ताजुन्निसा : मी पहाटेपासून नमाजाच्या मुसल्ल्यावरून उठले नव्हते, भाऊ. अल्लानं ऐकलं माझं. यांना म्हटलं, तरी पण बाळूभाऊंना घेऊन या. डॉक्टरांच्या घरातलं माणूस एकदा नजर टाकून गेलं की माझा जीव थाऱ्यावर येईल.

बाळकृष्ण : भाभी, मी प्लँटमध्ये पाइपलाइन बघतो. अण्णा डॉक्टर होते, मी नाही. मेहनाज, बेटा, जरा हात बाजूला घे. अंग बरंच तापलंय हिचं.

ताजुन्निसा : ताप हाय थोडा. पण खोली बघा ना. खिडक्यांना प्लास्टिक, दाराखाली ओला टॉवेल. इराकचा विषारी गॅस आत येऊ नये म्हणून आपला वारा पण बंद केलाय. सगळ्यांचीच अंगं तापतात.

बाळकृष्ण : कादिर, इकडं ये. पोटाला हात लाव. हळू. कसं लागतं?

कादिर : कडक लागतंय. पाटासारखं.

बाळकृष्ण : व्हॅन कुठाय तुझी?

कादिर : खालीच हाय. का रे?

बाळकृष्ण : दम्मामच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं हिला. आत्ता, उजेड आहे तोवर. इथला, जुबैलचा ऑपरेशनवाला डॉक्टर लढाई सुरू झाली तसा मायदेशी निघून गेला. आमची ओपीडी घरच्या पडवीतच होती ना रे, लहानपणापासून तेच ऐकत वाढलो. पोट दुखता दुखता आपोआप थांबलं आणि ताप राहिला, की अण्णांचा चेहरा उतरायचा. आतलं आतडं फुटतं तेव्हा दुखणं थांबतं. आमच्या शेजारच्या शालनचं असंच झालं होतं. घरात शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता, पोर बरी झाली म्हणून. अण्णांनी पोटाला हात लावला आणि तिच्या बापाला म्हणाले, शिरा राहू दे, डोली काढ. रत्नागिरीला पोचली म्हणून जगली ती. चल, उचल हिला.

कादिर : नेऊ. पण दोन घोट घे तरी. तोंड वाळलंय तुझं.

बाळकृष्ण : नको.

कादिर : नको?

बाळकृष्ण : नको मला चहा. किल्ली घे.

ताजुन्निसा : काय म्हणाले ते? अहो, काय म्हणाले भाऊ? चहा नको म्हणाले?

बाळकृष्ण : भाभी, खाली का बसलात? नुसता चहाच नको म्हणालो मी.

कादिर : नुसता? तुझ्या तोंडून हे ऐकायचं होतं मला. अण्णा डॉक्टरांच्या पोराला मी शिकवू, चहा नको म्हणजे काय ते?

ताजुन्निसा : मी खाडीपल्याडची, भाऊ, पण आमच्याकडंही सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या आजीला लकवा मारला, तेव्हा माझ्या अब्बानं त्यांना होडीतून आणलं होतं. छत्री कोपऱ्यात ठेवली, नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली. तोवर आईनं चुलीवर आधण ठेवलेलं. सगळ्या बायका दाराआड उभ्या. आजीला काय झालंय ते कोण विचारत नव्हतं. डॉक्टर पाटावर बसतात का, एवढंच बघत होत्या. बसले, बशीत ओतून चहा प्यायले, की माणूस राहणार. आणि ‘आज नको, उशीर झालाय’ म्हणून छत्री उचलली, की दाराआड रडणं सुरू. त्या दिवशी त्यांनी छत्री उचलली. तिसऱ्या दिवशी आजी गेली. कधी चुकले नाय ते.

कादिर : मोहल्ल्यात बसून चहा पितो म्हणून तुमची आळी कुजबुजायची. पण डॉक्टर कुणाला भीक घालणारे नव्हते. पोर जगणार असेल तर मुसलमानाच्या ओटीवर मांडी घालून बसायचे. मरणार असेल तर बामणाच्या घरचं पाणी पण घ्यायचे नाय.

ताजुन्निसा : मग आता कुठंच नको न्यायला. ऐका माझं. रस्त्यानं रणगाडे चाललेत, वाटेत सायरन झाला की गाड्यांतून उतरवून वाळूत पालथं पाडतात. पोर तिकडं वाळूत जाण्यापेक्षा माझ्या मांडीवर जाऊ दे. तोंडात मक्केचं झमझमचं पाणी तरी घालीन.

बाळकृष्ण : भाभी, काय बोलताय? ती जिवंत आहे. वेळ आहे अजून.

कादिर : ती बरोबर बोलते, बाळ्या. व्हायचं ते होणारच असेल तर घरात होऊ दे. आधीच अडकून पडलोय. तू शर्मिलावहिनीला नि पोरांना वेळेवर नाशकाला पाठवलंस. आमचे पासपोर्ट मालकाच्या, त्या कफीलच्या कपाटात, आणि कफील हुफूफला सासऱ्याकडं जाऊन बसलाय. नशीबच तसलं.

बाळकृष्ण : आण तो कप इकडं. पितो मी. बघ, पितो.

कादिर : ठेव खाली. आता घेतलास तरी काय? आता तो नुसता चहा.

बाळकृष्ण : अण्णांचाही नुसता चहाच असायचा, कादिर.

कादिर : गप बस.

बाळकृष्ण : नाही बसणार. इस्मत गेली त्या संध्याकाळी त्यांनी तुमच्याकडं चहा घेतला होता का नाही?

कादिर : इस्मतचं नाव कशाला काढतोस? माझ्या बहिणीचं हे आज काय मध्येच?

बाळकृष्ण : घेतला होता का नाही?

कादिर : घेतला होता. मला आठवतं ना. पाऊस धबाधबा कोसळत होता. तिचा गळा सुजला होता, श्वास घेताना घर्र घर्र व्हायचं. डॉक्टरांनी बत्ती धरून घसा बघितला, इंजेक्शन दिलं, आणि पाटावर बसले. दोन कप प्यायले. अम्मीनं तर नाचायचंच बाकी ठेवलं होतं. म्हणून तर आम्ही सगळे झोपलो. आणि सकाळी बघतो तर ती गार पडलेली. डॉक्टरांनी चहा घेतलेली पोर मरतेच कशी? मग सगळं बाहेर आलं. हफीजाचाचीनं तिला दुपारी पेज पाजली होती. चाचीला मूल नव्हतं, इस्मतवर तिचा डोळा होता. पेजेत काय कालवलं ते तिचं तिला ठाऊक. अब्बानं तिला उंबऱ्यावरनं उठवली. चाचानं माहेरी नेऊन घातली ती घातलीच. कुणी परत आणली नाय.

बाळकृष्ण : पेजेत काही नव्हतं.

कादिर : तुला काय ठाऊक?

बाळकृष्ण : अण्णांनी सांगितलं. मागच्या खेपेला मी घरी गेलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. तुझं नाव निघालं. मी म्हटलं, कादिर जुबैललाच आहे, बस चालवतो, माझ्या घरी येऊन-जाऊन असतो. तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग बोलायला लागले. इस्मतला घटसर्प होता. घसा बघितला तेव्हाच त्यांना कळलं, पोर हातची गेली. तिला जे औषध लागत होतं ते रत्नागिरीला होतं. पुरामुळं खाडीवरची तरीची ये-जा बंद. आणि तुझे अब्बा पडवीत कंबर बांधून उभे. होडी घालतो म्हणाले. तू, तुझे चाचा, आणखी दोन वल्हेकरी, सगळे निघालेले. खाडीच्या तोंडाशी तेव्हा एक होडी आधीच उलटली होती, ते अण्णा येताना बघून आले होते. ते तुझ्या अब्बांना म्हणाले, जाऊ नका. तुझे अब्बा ऐकेनात. म्हणाले, पोर मरतेय आणि मी बसून राहू? मग अण्णा पाटावर बसले आणि तुझ्या अम्मीला म्हणाले, चहा टाका.

कादिर : खोटा प्यायले?

बाळकृष्ण : हो. होडी निघू नये म्हणून. एक पोर जाणारच होती, तिच्याबरोबर चार-पाच बाप्ये बुडू नयेत म्हणून. दुसरा कपही त्यांनी मागून घेतला, तुझ्या अब्बांनी कंबर सोडली नव्हती म्हणून.

कादिर : आणि चाचीला घालवली तेव्हा? तेव्हा कुठं होते तुझे अण्णा? गावातच होते ना? रोज आमच्या दारावरनं जायचे ना?

बाळकृष्ण : गावातच होते. गप्प राहिले. मी विचारलं त्यांना, का नाही बोललात? म्हणाले, बोललो असतो तर माझ्या चहावर कुणी विश्वास ठेवला नसता. गावात औषधं थोडी आणि माझ्यावरची श्रद्धाच जास्त कामाला यायची. आणि म्हणाले, भीती वाटली. असं म्हणाले, कादिर. मी त्यांना भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं.

कादिर : भीती वाटली. त्यांना. आणि हफीजाचाचीला काय वाटलं असेल? एकदा राजापूरच्या बाजारात समोर आली होती. कादू म्हणून हाक मारली. आणि मी थुंकलो, बाळ्या. तिच्या पायापुढं. चल, ऊठ. निघ माझ्या घरातनं.

बाळकृष्ण : निघतो. पोरीला घेऊन निघतो. मग हवं तर माझं तोंड बघू नकोस.

कादिर : तिला हात लावायचा नाय. तुमच्या घराण्याचं पुष्कळ झालं आमच्यावर. चहा पिऊन मारता, न पिता मारता.

ताजुन्निसा : थांबा. थांबा दोघं. बाळूभाऊ, म्हणजे डॉक्टरांनी चहा घेतला होता, तरी इस्मत गेली?

बाळकृष्ण : हो.

ताजुन्निसा : मग तुम्ही नाय घेतला म्हणून माझी मेहनाज जाईलच, असं कुठं हाय?

बाळकृष्ण : नाहीच मुळी. तेच केव्हाचं सांगतोय.

ताजुन्निसा : अहो, ऐकलंत ना? किल्ली घ्या. ती गोधडी द्या इकडं. भाऊ, तुम्ही दार उघडा, टॉवेल पायात येईल, बघून. नाय, हिला मीच घेणार. तुम्ही दोघं नुसते पुढं व्हा.

(व्हॅन दम्मामच्या रस्त्यावर आहे. कुवेतकडून आलेल्या धुरानं दिवस काळवंडला आहे. समोरून लष्करी गाड्यांची रांग संपत नाही.)

कादिर : दिवे लावू का? काहीच दिसत नाय पुढचं.

बाळकृष्ण : लाव. पुढं चौकी आहे. इकामे, राहायचे परवाने काढून ठेव हातात, आणि बोलणं माझ्यावर सोड.

कादिर : तूच बोल. माझ्या तोंडून आता अरबी फुटायची नाय... सोडलं का? काय म्हणाला शिपाई?

बाळकृष्ण : पोरीकडं बघितलं आणि यल्ला म्हणाला. चल.

ताजुन्निसा : भाऊ, एक विचारू? खरं सांगाल?

बाळकृष्ण : विचारा.

ताजुन्निसा : वाचेल ना ही?

बाळकृष्ण : मला माहीत नाही, भाभी.

ताजुन्निसा : खरंच माहीत नाय?

बाळकृष्ण : खरंच नाही. फार उशीर झालेला नसावा, असं वाटतं. पण ते मला वाटतं, एवढंच.

ताजुन्निसा : चालेल. एवढ्यावर बसते मी हिला धरून.

कादिर : आमच्याकडं असं कुणी म्हणालंच नाय रे कधी. माहीत नाही म्हणून. डॉक्टर पाटावर बसायचे नायतर छत्री उचलायचे. आणि आम्हालाही तेच बरं वाटायचं. विचारायलाच नको काय.

बाळकृष्ण : त्यांनी त्या दिवशी तसं म्हटलं असतं तर तुझ्या अब्बांनी होडी घातली असती.

कादिर : घातली असती.

बाळकृष्ण : तू असतास त्या होडीत.

कादिर : असतो. बुडालो असतो. तुझ्या अण्णांनी मला वाचवलं, हे कळत नाय असं नाय. पण बाळ्या, हफीजाचाची त्या होडीत नव्हती रे. ती उगाच बुडाली. आता म्हातारी झाली असेल. भाच्यांच्या दारात पडून असते म्हणतात. मी जाऊन काय सांगू तिला? कुणाच्या नावानं माफी मागू?

बाळकृष्ण : मी येईन तुझ्याबरोबर. ही लढाई संपू दे. मीच सांगेन तिला.

कादिर : ती दार उघडेल का आपल्याला?

ताजुन्निसा : ते मग बोला तुम्ही. आता गाडी दाबून चालवा. हिचे पाय गार पडायला लागलेत.