फाटकासमोरचा तिसरा फेरा

नाही पुलेंग, उठू नकोस, बस ह्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर — पोलिसांना सांगितलं तेच तुला सांगते, स्टिअरिंग अडकलं. जुनी स्पोर्ट्‌स गाडी, अडकणार नाही तर काय? आणि मोलेफीच्या मातीला मोलेफीचीच गाडी फिरायला नको? माझा भाऊ अख्ख्या सोवेटोत गाडी गरागरा फिरवण्यात एक नंबर होता, त्याला सकाळी पुरून आलो आणि दारात धूर नाही, आवाज नाही? गाडी फिरवणाऱ्याला निरोप असाच देतात ना आपल्याकडे? पण मामा म्हणाले, "पोरीनं फिरवायची नाही. घरातले पुरुष मेलेत का?" पुरुष! मामांना धड गिअर टाकता येत नाही, पण शब्द त्यांचाच शेवटचा — थोरले ना! गाड्यांचं मी शिकलेय कॉलेजात. मोलेफीची मागची चाकं मीच बदलायचे, पार गुळगुळीत झालेली घालायची, म्हणजे धूर दाट निघतो — हे मामांना कोण सांगणार?

तर फिरवली. एक फेरा, दोन फेरे, पोरं शिट्ट्या मारतायत, म्हाताऱ्या ओरडतायत, "हात सोडू नकोस गं बाई!" — मग सोडलेच हात! दारातून अर्धी बाहेर लोंबकळतेय आणि गाडी आपली आपण गोल. तू भिंतीवर चढून शूट करत होतीस, दिसलीस मला. सगळंच दिसत होतं — फाटकापाशी हात धुवायचे टब, स्मशानातून आलेल्यांची रांग, सांडलेलं पाणी डांबरावर पार मधोमध आलेलं, आणि मामा पुढं येऊन, "पाणी आहे, केनेइल्वे, पाणी!" —

म्हणजे ऐकू नाही आलं. इंजिनाचा आवाज केवढा! नुसते हात हलवत होते… बरं, आलं ऐकू. मग? दरवेळी त्यांचंच ऐकायचं? मला फक्त त्यांना दोन पावलं मागं सरकवायचं होतं, सगळ्यांदेखत, म्हणून तिसरा फेरा जरा जवळून घेतला — ओल्यावर ती चाकं धरत नाहीत हे मला माहीत नसेल? मलाच तर माहीत! पण ते सरकलेच नाहीत गं. मागं रांगेत लहान मुलं होती, म्हणून तसेच हात पसरून उभे राहिले.

डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत तग धरला तर बघू. आणि मामी आत त्यांच्या उशाशी बसलीय, माझाच हात धरून म्हणते, "गाडीनं दगा दिला, लेकरा, तुझा काय दोष?" ऐकलंस? तिचं तेवढं तरी राहू दे. काढून टाक ती क्लिप. तुला आमच्याच गल्लीत राहायचंय पुलेंग, रोज त्याच रस्त्यानं चालत कॉलेजला जायचंय — आणि मी काही गाडी सोडलेली नाही. धमकी नाही गं, आपलं सांगितलं. दे फोन. दे म्हणते ना. दाराकडे काय बघतेस?

पाठवलीस?

कुणाला?

…ऊठ. जा इथनं. जा, मामी बाहेर येतेय, हातात फोन —