उधाणाच्या भरवशावर

(नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक बेट. नोव्हेंबर, पौर्णिमेची दुपार, वारा समुद्राकडून. होडीघराच्या दारात रबरी विजार घालून बोरघिल्ड उभी. होडीचा मागचा दोर धरून तिची शेजारीण सिगनी. वर खडकावर बोरघिल्डचा धाकटा दीर एडविन.)

एडविन : ...आणि मी म्हणतो वहिनी, अख्ख्या बेटाच्या होड्या कधीच वर आल्या. धुऊन, तेल पाजून, झाकूनसुद्धा झाल्या. तुझी तेवढी अजून पाण्यात नाचतेय. लोक हसतात.

बोरघिल्ड : हसू देत. तुमची होडी वर घ्यायला चार गडी लागले, दोर तुटला, आणि तुमच्या मुलाची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. त्यालाही हसले लोक.

सिगनी : अगं, भांडण नंतर करा! वारा बघ किती आहे, मला दोर धरवत नाही.

एडविन : होडी ओढायची एक रीत असते. आजोबांपासून आम्ही ओढत आलो. आणि ही बाई भरतीची वाट बघत बसलीय! आज उधाण, त्यात हा नैऋत्येचा वारा. पाणी थेट होडीघरात शिरेल, कळतंय का?

बोरघिल्ड : शिरू दे की. त्याचीच वाट बघतेय मी.

एडविन : म्हणजे?

बोरघिल्ड : पाणी आत शिरलं की होडीही शिरेल. मी कशाला ओढत बसू? इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. या दिवसांत पौर्णिमेला वारा असा असला की पाणी होडीघरात घुसतं. माझा नवरा यारले शिव्या घालत जाळी वर टांगायचा. तुम्हीही घालायचात. मला वाटायचं, फुकटचा गडी दाराशी येतोय आणि हे दोघे भाऊ त्यालाच शिव्या देतायत.

एडविन : आणि इंजिन? त्यातलं पाणी गोठलं तर तडकेल.

बोरघिल्ड : इंजिन केव्हाच काढलं. पाणी निथळून, पुसून, घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलंय. तळाच्या फळ्या घासल्या, भाराचे दगड उतरवले. होडी अशी हलकी झालीय की सिगनीसुद्धा धरू शकते.

सिगनी : कुठली धरतेय! तीच मला धरून आहे.

एडविन : अशा वाऱ्यात हलकी होडी फुटते, वहिनी. आणि ती बाबांची होडी आहे. बाबांनी थोरल्याला होडी दिली, मला बटाट्याचं शेत. मी काही बोललो नाही. पण आता थोरला गेला. होडी माझ्या घरी यायला नको?

बोरघिल्ड : म्हणूनच तुम्हाला ओढायला बोलावलं नाही. चार गडी घेऊन आला असतात, मदत म्हणून ओढली असतीत, आणि ती सरळ तुमच्या होडीघरात जाऊन बसली असती. दुकानात सगळ्यांसमोर काय पैज लावलीत, सांगा बघू परत.

एडविन : लावली ती लावली. पुरुषाचा हात न लागता होडी आज आत गेली तर पुन्हा तिचं नाव काढणार नाही. नाही गेली, तर माझी.

बोरघिल्ड : गेली, तर जानेवारीत कॉड मासा आला की मी ती घेऊन जाणार. मी स्वतः.

एडविन : तू? अगं, तुला समुद्रावर...

सिगनी : आलं! पाणी उंबऱ्यावर आलं! बोरघिल्ड, आलं गं!

बोरघिल्ड : दोर सैल सोड. हळू. मी आतून कप्पीवर ओढते. बघा भावोजी, एका हाताने! करंगळीने येतेय ही!

सिगनी : थांब, थांब! धडकली!

एडविन : पुढचं टोक, नाळच लागली दाराच्या वरच्या तुळईला. मी काय म्हणत होतो? हलकी केलीस ना? मग तरंगली वर. आता वीतभर उंच पडतेय.

सिगनी : दगड टाकू का परत आत?

बोरघिल्ड : दगड पाण्याखाली गेले, कुठे शोधतेस? तू नाळेत बसतेस का?

सिगनी : मी कोंबडीएवढी! आणि हा दोर कोण धरेल?

एडविन : जरा वेळात ओहोटी लागेल. मग येऊच आम्ही चौघे.

बोरघिल्ड : भावोजी, तुमचं वजन किती?

एडविन : माझं? कशाला?

बोरघिल्ड : इकडे या आणि नाळेत बसा.

एडविन : पैज विसरलीस? पुरुषाचा हात...

बोरघिल्ड : हात कोण मागतंय? हात खिशात घाला. बसायला हात लागत नाहीत.

एडविन : वा! म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेऊ?

सिगनी : लाट आली! आपटली! फळी कशी वाजली, ऐकलंत ना?

बोरघिल्ड : नका बसू. अशा आणखी दोनचार आल्या की होडी ना माझी, ना तुमची. बाबांच्या होडीचं सरपण तेवढं दोन्ही घरांत सारखं वाटून घेऊ.

एडविन : तोंड सांभाळून बोल! सरपण म्हणे... सिगनी, धर नीट! आलो, आलो. मेलो, बुटात पाणी गेलं!

बोरघिल्ड : हात खिशात!

एडविन : हात खिशात घालून होडीत चढता येतं का, बाई?

बोरघिल्ड : चढा, मग घाला.

सिगनी : झुकली! नाळ झुकली! देवा, काय वजन आहे या माणसाचं!

बोरघिल्ड : डोकं खाली, भावोजी! ओढतेय... गेली! नाळ आत गेली! आता मागे सरका. मागचं टोक अडेल.

एडविन : मी काय बटाट्याचं पोतं आहे, इकडून तिकडे सरकवायला?

बोरघिल्ड : पोतं बोलत नाही. सरका!

सिगनी : गेली! अख्खी गेली! अहो ऐका, सगळे ऐका, बोरघिल्डची होडी आत गेली!

बोरघिल्ड : गेली गं सिगनी! माझी होडी! अगं, मी जिंकले! मला वाटलं होतं नाही जमणार. रोज रात्री वाटायचं, नाही जमणार. आणि जमलं! बांध, बांध पटकन. खाली आडवे ओंडके टाकलेत, त्यांच्या बरोबर वर राहू दे. पाणी उतरलं की आपसूक त्यांच्यावर बसेल.

सिगनी : तू आधी पाण्यातून बाहेर ये. नाचायचं ते जमिनीवर नाच.

एडविन : (बऱ्याच वेळाने, पाणी उतरल्यावर, अजून होडीतच बसून) ...टेकली. बघ, टेकली. एकदम सरळ. आम्हा चौघांना कधी इतकी सरळ बसवता आली नाही.

बोरघिल्ड : आणि पैज?

एडविन : होडी तुझी, वहिनी. दुकानात मीच सांगतो. माझे हात खिशातच होते, सिगनी साक्षीला आहे.

सिगनी : होते हो. मी सगळ्यांना सांगणार आहे.

बोरघिल्ड : चला, उतरा आता. पाणी गेलं, बूट भिजलेत, आजारी पडाल.

एडविन : वहिनी...

बोरघिल्ड : काय झालं?

एडविन : लहानपणी बाबा मला इथंच बसवायचे. याच मागच्या फळीवर. होडी थोरल्याकडे गेली तेव्हापासून मी हिच्यात पाय ठेवला नव्हता. जरा बसू दे.

बोरघिल्ड : बसा. कॉफी इथंच आणते.